कॉपर हार्बरची फेरी

दर नोव्हेंबरात कुणी ना कुणी विचारतंच, "काय, लाल गाडी झोपवली का?" डेट्रॉइटच्या आसपासची बरीच मराठी मंडळी मोटारींच्याच धंद्यातली, पुण्या-पिंपरीहून आलेली. त्यामुळे या प्रश्नात काळजीपेक्षा निदान जास्त असतं. मागच्या चाकांना ताकद, दोनच सीट, कापडी टप, वजन हजार-साठ किलो. असली गाडी दिवाळी झाली की पांघरूण घालून गॅरेजात ठेवायची आणि एप्रिलात बाहेर काढायची, अशी इथली रीत. माझी माझदा मियाटा मात्र गेले सहा हिवाळे रोज ऑफिसला जाते. माझी नोकरी ब्रेकच्या सॉफ्टवेअरची, त्यामुळे लोक मला निदान अडाणी तरी म्हणत नाहीत. हट्टी म्हणतात.

यंदा जानेवारीत अप्पा आले. अप्पा एसटीचे चालक, कराड आगार, नोकरी तीस वर्षं. कुंभार्ली घाट त्यांच्या चाकाखालून किती वेळा गेला याचा हिशेब त्यांनाही सांगता येणार नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी कानटोपी घालून गॅरेजात गेले, गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसले आणि बोटं ताणून गाडीच्या पोटाखाली वीत धरली. अंगठा जमिनीला टेकला, पण करंगळी सरळ होईना.

"वीतभर बी न्हाई," ते म्हणाले. "मागच्या चाकांचं काय न्हाई गं. आपला लाल डबाबी मागच्याच चाकांवर पळतो. पण हिचं पोट लई खाली हाय."

मी हसले आणि चहा टाकायला गेले.

मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातून सुपीरियर सरोवरात आणखी एक चिंचोळं टोक शिरलंय, त्याला कीविनॉ म्हणतात. तिथल्या होटन गावात मिशिगन टेक विद्यापीठाचा विंटर कार्निव्हल भरतो, १९२२ पासून. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोरं बर्फाचे वाडे, किल्ले, पुतळे उभारतात. ते अप्पांना दाखवायचं, आणि जमलं तर टोकावरच्या कॉपर हार्बरपर्यंत जायचं, असा बेत ठरला. नवऱ्याने आपली चारही चाकांवर चालणारी उंच गाडी देऊ केली. अप्पांनीच ती नाकारली. "ती काय, कुणीबी नेईल," म्हणाले.

सोमवार

सकाळी ६.१० ला डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून, आमच्या गावाहून सुटलो. वेळ मला पाठ आहे, कारण अप्पांनी खिशातून छोटी डायरी काढून ती लिहिली, शेजारी मीटरचा आकडा. टाकी भरल्याची पावतीही मागून घेतली. "केपीटीएल काढायचा," म्हणाले. एसटीत गाडीचं पाणी असं जोखतात, दहा लिटरमध्ये किती किलोमीटर. ज्याचा आकडा घसरला त्याला आगारात जाब द्यावा लागतो.

आय-७५ महामार्ग फ्लिंट, बे सिटी करत सरळ उत्तरेला जातो आणि ग्रेलिंगपर्यंत सांगण्यासारखं काही घडत नाही. तेवढ्यात टायरांचं सांगून टाकते, कारण या गाडीची अर्धी गोष्ट तीच आहे. मियाटा विकत घेतली तेव्हा तिला उन्हाळी टायर होते. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की त्या टायरांचं रबर कडक होतं. बर्फ नसला तरी गाडी फरशीवर कपबशी सरकावी तशी सरकते. हिवाळी टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. मी हिवाळ्यासाठी चाकांचा वेगळा संचच ठेवलाय, सतरा इंचांऐवजी सोळा इंची, रुंदीला थोडा कमी. अरुंद टायर बर्फ कापत जातो, रुंद टायर त्यावर तरंगतो. बैलगाडीची धाव चिखलातून का निघते, हे अप्पांना समजवावं लागलं नाही.

गेलॉर्डच्या अलीकडे बर्फ सुरू झाला. तिथून पुलापर्यंतच्या पट्ट्यात तीन गाड्या रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेलेल्या दिसल्या. तिन्ही उंच, थोराड, चारही चाकांना ताकद असलेल्या. अप्पांनी प्रत्येकीकडे मान वळवून पाहिलं. यात नवल काही नाही. चारही चाकं ओढायला लागली की गाडी झटक्यात निघते, चालकाला रस्ता चांगला आहे असं वाटतं. थांबायची वेळ येते तेव्हा मात्र सगळ्यांच्या ब्रेकना चारच चाकं असतात आणि जड गाडीला अंतर जास्त लागतं. माझी गाडी उलट आधीच चुगली करते. सिग्नलवरून निघताना मागचं चाक किंचित फिरतं, तेव्हाच कळतं की आज रस्ता कसा आहे.

मॅकिनॉचा पूल दुपारी आला. पाच मैल लांब, १९५७ साली वाहतुकीला खुला झालेला, टोल चार डॉलर. ("इथंबी नाका हायच का," अप्पा.) वारा होता म्हणून वेग ताशी ४५ मैलांवरून २० वर आणला होता. दोन्ही बाजूंच्या आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. वारा तिच्यातून निघून जावा म्हणून ती ठेवलीय. १९४० मध्ये वॉशिंग्टन राज्यातला टकोमाचा पूल वाऱ्याने पिळवटून पडला, त्यानंतर इथल्या अभियंत्यांनी धडा घेतला. जाळीवर टायर गुरगुरतात आणि खाली दोनशे फुटांवर गोठलेली सामुद्रधुनी दिसते. १९८९ मध्ये एक छोटी गाडी या पुलावरून खाली गेली होती, हे मी अप्पांना पलीकडे पोचल्यावर सांगितलं. आम्ही बाहेरच्या, डांबरी लेनमधून गेलो.

रात्री सेंट इग्नेस. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं दूध.

मंगळवार

सकाळी उणे एकवीस. किल्ली फिरवली तसा टायरमधल्या हवेचा पिवळा दिवा लागला. पारा पाच-सहा अंश उतरला की हवेचा दाब एका पौंडाने उतरतो, हे मला माहीत असतं आणि दरवर्षी मी विसरते. डिकीत छोटा कॉम्प्रेसर होता. अप्पांनी तोवर चारही टायर बुटाने ठोकून आवाज ऐकला आणि सांगितलं, "डावं मागचं जास्त बसलंय." गेज लावून पाहिलं. डावं मागचंच होतं.

आणखी एक त्यांच्या लक्षात आलं. मी रात्री हँडब्रेक लावला नव्हता, गाडी नुसती गियरमध्ये ठेवली होती. ओल्या बर्फातून आल्यावर हँडब्रेक लावला तर रात्रीत तो गोठून चाक धरून ठेवतो. "आपल्याकडं दगड लावत्यात," ते म्हणाले. त्यांच्या नोकरीची पहिली काही वर्षं घाटात गाडी थांबली की वाहक आधी खाली उडी मारून चाकाला दगड लावायचा, मग तिकिटाचं बघायचा.

मिशिगन सरोवराकाठच्या यूएस-२ ने पश्चिमेला जाऊन सीनीला वळलो. सीनी ते शिंगलटन हा एम-२८ चा तुकडा पंचवीस मैल सरळ आहे. वळण नावाला नाही, दोन्हीकडे दलदल आणि खुरटं रान. घाटात उभी हयात घालवलेल्या माणसाला सरळ रस्ता म्हणजे सुख वाटायला हवं. अप्पा म्हणाले, "ह्यो रस्ता झोपवंल माणसाला." वारा आडवा होता, बर्फाची धूळ रस्त्यावरून सापासारखी वळवळत जात होती. समोरून लाकडाचा ओंडकेवाला ट्रक आला की त्याच्यामागे पाच-सात सेकंद सगळं पांढरं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, पाय अलगद उचलायचा, चाक धरून ठेवायचं. मागून येणाऱ्यालाही दिसत नसतं.

"मार्केटला मुक्काम," असं मी म्हटल्यावर अप्पांनी विचारलं, "कसलं मार्केट?" गावाचं नाव आहे. सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच धर्मप्रसारकावरून पडलेलं. खालच्या बंदरात लोखंडाचं खनिज जहाजात भरायचा जुना, अजस्र धक्का अजून उभा आहे. तो बघून झाल्यावर अंधार पडता पडता एका बंद दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी नेली. दर वर्षी पहिला बर्फ पडला की मी हे करते: घसरण थांबवणारी यंत्रणा बटण दाबून बंद करायची, वीसच्या वेगाने वळायचं आणि मुद्दाम पाय द्यायचा. मागचा भाग बाहेर जातो. मग नजर जिकडे जायचंय तिकडे आणि हात नजरेमागे. पाय एकदम काढला तर गाडी उलट्या बाजूला झोका घेते, म्हणून थोडाच काढायचा. ज्या यंत्रणेच्या जिवावर माझं पोट चालतं ती बंद करून मी शिकते, यावर ऑफिसात विनोद होतात. पण ती काय करते हे कळायला ती नसताना काय होतं ते एकदा अंगावर घ्यावं लागतं.

अप्पांना चाकावर बसवलं. स्टेअरिंग डावीकडे, गियर उजव्या हाताला. पहिल्या खेपेला त्यांचा डावा हात गियर शोधत दारावर आपटला. दुसऱ्या खेपेलाही. मग निघाले, दुसऱ्या गियरमध्येच, इतके हळू की चाकाने बर्फाला त्रास दिला नाही. इंग्रजी आठचे तीन आकडे काढले. चौथ्याला मी म्हटलं, "अप्पा, जरा रेस द्या, घसरू द्या की."

"पगार कुणी दिला न्हाई मला घसरवायचा," म्हणाले आणि उतरले. पण चेहरा वेगळाच होता.

बुधवार

हा दिवस सविस्तर सांगायला हवा, कारण या दिवशी मी चुकले.

रात्रीत पारा चढला होता. सकाळी शून्याच्या आसपास, आकाश मळकट. उणे वीसपेक्षा शून्य वाईट. कडक थंडीत बर्फ कोरडा असतो, करकरतो, टायर त्याला धरतो. शून्याला बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि मग टायरला धरायला काही उरत नाही. पहिल्या पावसाचा रस्ता, असं म्हटलं की अप्पांना लगेच कळलं: वर्षभराचं ऑइल आणि धूळ वर येते, भर पावसाळ्यापेक्षा जूनचा पहिला दिवस जास्त गाड्या घालवतो. त्यात इथे एक भर. फार थंडीत मीठ काम करत नाही म्हणून वरच्या भागात रस्त्यावर वाळू टाकतात. ती उतारावर असते आणि वळणावर असेलच असं नाही.

लान्स गावाच्या अलीकडे रस्ता सुपीरियर सरोवराकडे उतरतो. चौथ्या गियरमध्ये होते, वेग पन्नासच्या आत. अप्पा शेजारून म्हणाले, "उतार हाय. गियर पाड." त्यांचा आयुष्यभराचा नियम: ज्या गियरात चढतो त्याच गियरात उतरायचं, ब्रेकवर गाडी सोडायची नाही. नियम बरोबर आहे. मी क्लच दाबला, तिसरा टाकला आणि क्लच सोडला, रोज कोरड्या रस्त्यावर सोडते तसा.

मागची चाकं क्षणभर थांबल्यासारखी झाली. इंजिनाने त्यांना मागे खेचलं आणि खाली पकड नव्हती. गाडीची शेपूट शांतपणे उजवीकडे निघाली. आवाज नाही, धक्का नाही. खिडकीतून दिसणारी झाडं तेवढी समोर येऊ लागली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी नाकाने सरळ गेली असती. मागच्या चाकांवर चालणारी गाडी फिरायला बघते.

"क्लच!" अप्पा ओरडले. माझा पाय त्याआधीच गेला होता की नंतर, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही. क्लच दाबल्याबरोबर मागची चाकं मोकळी झाली आणि पुन्हा फिरू लागली. नजर रस्त्याच्या टोकाशी, हात नजरेमागे. ब्रेकच्या यंत्रणेची खडखड पायाखाली ऐकू आली, एकेका चाकाला वेगवेगळं धरत होती. गाडी एकदा डावीकडे डोलली आणि सरळ झाली. समोरून कुणी येत नव्हतं, हे आमचं नशीब.

पुढे दहा-बारा मैल कुणी बोललं नाही. बॅरागाला सरोवराकाठी थांबून थर्मासमधला चहा ओतला, तेव्हा अप्पांनी विचारलं, "क्लच सोडताना रेस दिली हुतीस का?"

नव्हती दिली.

"डबल क्लच मारायचा," ते म्हणाले. आणि टपरीवर सांगावं तसं हाताने करून दाखवलं. जुन्या गाड्यांच्या गियरबॉक्सला समजूतदारपणा नव्हता. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडून रेस द्यायची, इंजिनाचा वेग खालच्या गियरला साजेसा झाला की परत क्लच दाबून गियर टाकायचा. नाही जमलं तर डबा खडखडायचा आणि मागची सीट हसायची. त्यांच्या पिढीने तो गियर वाचवायला शिकला. बर्फात तोच चाक वाचवतो: इंजिनाचा वेग आधीच जुळवलेला असेल तर क्लच सुटताना मागच्या चाकांना झटका बसत नाही. हल्लीच्या गियरबॉक्सला पूर्ण डबल क्लचची गरज नाही, मधली ती रेसची फुंकर पुरते. स्पोर्ट्स कारवाले लोक ही गोष्ट शर्यतीच्या मैदानावर पैसे भरून शिकतात.

होटनमध्ये शिरलो तेव्हा चार वाजले होते आणि बर्फ पडत होता. तिथे तो पडतच असतो. सुपीरियर सरोवर पूर्ण गोठतं असं क्वचित. कोरडा गार वारा त्याच्या उघड्या पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि कीविनॉच्या डोंगररांगेवर चढताना ती बर्फ करून टाकतो. वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास. "म्हणजे ह्यांचं महाबळेश्वर," अप्पा म्हणाले. अगदी तेच, समुद्राच्या जागी सरोवर.

त्या रात्री गावभर पोरं जागी. मोठे पुतळे महिनाभर आधीपासून चाललेले असतात, गुरुवारी सकाळी परीक्षण. आणि एका रात्रीत उभं करायचं असे छोटे पुतळे वेगळे. फावडी, इस्त्र्या, पाण्याच्या बादल्या, कुठे संगीत. पोरं भिजलेला बर्फ हाताने लावून गिलावा करत होती. गवंड्याच्या नजरेने अप्पा बघत राहिले. एका पोराने त्यांच्या हातात थापी दिली. मी पेस्टी आणायला गेले. पेस्टी म्हणजे कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांची मागे राहिलेली ओळख, जाड पारीची हातभर करंजी, आत बटाटा, कांदा, सलगमच्या जातीचा कंद आणि मांस. बिनमांसाचीही मिळाली. परत आले तर अप्पांनी एका बर्फाच्या बुरुजाला कंगोरा काढला होता.

गुरुवार

होटन आणि हँकॉकमध्ये कालव्यावर उचलता येणारा दुमजली पूल आहे. हिवाळ्यात जहाजं बंद, तेव्हा त्याचा खालचा मजला स्नोमोबाइलवाल्यांना देऊन टाकतात. वरून आम्ही, खालून त्यांच्या फटफट्या. पूल ओलांडला की समोर क्विन्सीची चढण, या सगळ्या प्रवासात मला खरी धाकधूक होती ती तिची. माथ्यावर तांब्याच्या जुन्या खाणीचा मनोरा दिसतो. पुढच्या गाडीला वर जाऊ दिलं, मग दुसऱ्या गियरमध्ये एकाच पावलावर, ना कमी ना जास्त. चढावर वजन मागे येतं, मागच्या चाकांवर दाब वाढतो. घाट चढताना भरलेली एसटी बरी आणि रिकामी नाचते, त्याचं कारण हेच. थांबलो असतो तर मात्र परत निघणं कठीण होतं. लोक अशा गाडीच्या डिकीत वाळूची पोती भरतात. मियाटात वजन आधीच पुढे-मागे सारखं वाटलेलं आहे, मागच्या धुरेपलीकडे पोतं टाकलं तर घसरताना तेच लंबकासारखं ओढतं. माझ्याकडे एकच पिशवी असते, मांजराच्या शौचाची खडी. वजनाला नाही, चाकाखाली टाकायला.

मोहॉकच्या पुढे रस्त्याकडेला बर्फ मोजायची उंच पट्टी उभी आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच पडला होता, म्हणजे जवळपास दहा मीटर. अप्पांनी मान वर करून बघितलं आणि डायरीत आकडा लिहिला. तिथून पुढे यूएस-४१ रानातून वळसे घेत जातो. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, वर झाडांची कमान, आणि पारा परत उणे बारावर. रस्त्यावर बर्फ घट्ट दाबलेला, पांढरा, कोरडा. एवढी सुंदर गाडी मी कुठल्याही उन्हाळ्यात चालवलेली नाही. वळणाआधी क्लच, रेसची फुंकर, तिसरा. वळणात नुसतं वाहू द्यायचं. बाहेर पडताना उजवा पाय बोटभर. शेपूट किंचित हलून परत जागेवर यायची. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. कुठे फुंकर कमी पडली की "हूं" म्हणायचे.

कॉपर हार्बरला जेमतेम चार दुकानं, त्यातलं एक उघडं. यूएस-४१ इथून सुरू होतो आणि १,९९० मैलांवर मायामीला संपतो. त्याचा फलक गावाबाहेर आणखी पुढे आहे, पण त्या दिवशी रस्ता तिथवर साफ केलेला नव्हता. गाडी वळवायची होती. डावीकडे मोकळी जागा दिसत होती. मधे बर्फ लोटणाऱ्या ट्रकने टाकलेला बांध, फार तर गुडघ्याच्या निम्म्याइतका.

अप्पा "आगं—" एवढंच म्हणाले.

नाक बांधावर चढलं, पोट टेकलं आणि गाडी थांबली. मागची चाकं हवेत गर्रकन फिरली. टायर उत्तम, फुंकर उत्तम, मागची-पुढची चाकं हा प्रश्नच नाही. चाकं जमिनीला लागत नसतील तर कशानेही काही होत नाही. चारही चाकांवर चालणारी असती तर चारही हवेत फिरली असती. घसरण थांबवणारी यंत्रणा बंद करून पुढे-मागे झोके देऊन पाहिले. चाकं रुतली असतील तेव्हा त्याने काम होतं, पोट टेकल्यावर नाही. अप्पा उतरले, वाकून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोरं दे."

इंजिन बंद केलं. सायलेन्सरचं तोंड बर्फात गेलं होतं. ते तसंच ठेवून हीटर लावून बसलेली माणसं विषारी धुराने गेल्याच्या बातम्या इथे येतात. आधी ते मोकळं केलं. मग अप्पा चक्क आडवे झाले, पोटाखालचा बर्फ खोऱ्याने ओढून काढू लागले. बाहत्तर वर्षांचा माणूस उणे बारामध्ये. मी ओरडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

पंधरा मिनिटांनी बर्फ लोटणारा तो ट्रकच परत आला. चालकाने आमच्यामागे उभा करून पिवळे दिवे चालू ठेवले, म्हणजे कुणी येऊन धडकणार नाही. मग चार स्नोमोबाइलवाले थांबले. चाकांखाली खडी टाकली, मी आत बसले, पाचजण पुढून भिडले. अप्पा बाजूला उभे राहून मराठीत हुकूम देऊ लागले, "थांब... थांब... आता सोड! है—शा!" तिसऱ्या "हैशा"ला त्या चौघांनीही आवाज मिसळला आणि गाडी मागे रस्त्यावर उतरली.

ट्रकच्या चालकाने अप्पांना वर बोलावून घेतलं. बाजूचं पंखासारखं पातं कसं उचलतं ते दाखवलं. अप्पांना इंग्रजी येत नाही आणि त्याला मराठी. परतल्यावर अप्पांनी सांगितलं, पहाटे चारला सुटतो, दोन फेऱ्या, थंडीत गाडी आत ठेवायला शेड आहे, पाठ दुखते. हे सगळं त्यांना कसं कळलं हे मी विचारलं नाही.

शुक्रवार, शनिवार

आलो त्याच वाटेने परत. शुक्रवारी ऊन पडलं आणि अप्पांनी टप उघडायचा हट्ट धरला. थंडीत ताठलेलं कापड दुमडलं तर चिरतं, म्हणून मी नाही म्हटलं. ते मार्केटपर्यंत रुसले होते. शनिवारी रात्री नोव्हायला पोचल्यावर गाडी खालून धुवून घेतली, कारण या प्रदेशात गाडीचं आयुष्य मीठ खातं. गॅरेजात चाकांमागून काळ्या बर्फाचे गोळे धप्पकन पडत होते, अप्पा ते पायाने बाहेर लोटत होते.

मग स्वयंपाकघरात बसून त्यांनी पावत्या जुळवल्या. १,९१२ किलोमीटर, पेट्रोल १५२ लिटर, केपीटीएल १२६. त्यांच्या गाडीचा कधी पन्नासच्या वर गेला नव्हता, तरी आकडा बघून म्हणाले, "पार्किंगमधी उगा जाळलंस." खाली लिहिलं, अपघात: निरंक. बिघाड: निरंक.

"आणि कॉपर हार्बर?" मी विचारलं.

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. बराच वेळ विचार केला. मग शेऱ्याच्या जागी लिहिलं: रस्ता बंद असल्याने गाडी २५ मिनिटे उशिरा.